चाव्या ठीक होत्या, घोळ नटमध्ये होता

सूर टिकत नाही म्हणून गिटार दुरुस्तीला नेलीत आणि दुकानदार तारेला हातही न लावता ‘चाव्या गेल्यात’ म्हणाला, तर गिटार तिथे ठेवून येऊ नका. माझे 4,200 रुपये गेले, तारा पिळायच्या कंपनीच्या मूळ चाव्या गेल्या आणि हेडस्टॉकला, म्हणजे चाव्या बसतात त्या टोकाला, नको तिथे स्क्रूची भोकं पडली. दुकान ठाणे पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय असा धंदा करणारा तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

गिटार साधी अकूस्टिक, कॉलेजपासूनची. पाचपाखाडीतल्या आमच्या भावगीतांच्या ग्रुपमध्ये मी तिच्यावर साथ करते. आवाज जरा भरदार हवा म्हणून तारांच्या 10 च्या सेटऐवजी जास्त जाड असा 12 चा सेट चढवला आणि तिसरी तार बिनसली. चावी पिळत राहावं तर ट्यूनरचा काटा जागचा हलायचा नाही, मग एकदम ‘टिंग’ व्हायचं आणि तार हव्या त्या सुराच्या पुढे गेलेली असायची. कशीबशी मिळवली तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत पुन्हा चढलेली. पेटीवाले काका बोलायचे काही नाहीत, नुसते चष्म्यावरून बघायचे.

दुकानदाराचं निदान अर्ध्या मिनिटात झालं. ‘मॅडम, गिअर घासलेत. इम्पोर्टेड सेट टाकतो, पुन्हा बघायला नको.’ चाव्यांचे 2,800, मजुरीचे 500. गिटार आत गेली आणि मला ‘उद्या या’ सांगितलं. पावती म्हणून ‘गिटार सर्व्हिस’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी, खाली आकडा.

नव्या चाव्यांवरही तेच ‘टिंग’. तेव्हा त्याने पावसाळा पुढे केला, लाकूड फुगतं म्हणे. फुगतं खरंच, पण हवेने सूर हलला तर तो हळूहळू आणि कमीअधिक सगळ्याच तारांचा हलतो. एकच तार आवाज करून उडी मारत नाही. मग नट, म्हणजे मानेच्या (नेकच्या) टोकाचा, तारा ज्याच्या खाचांतून जातात तो आडवा तुकडा, बदलायला सांगितलं, ‘बोनचा’ म्हणजे हाडाचा, 900 रुपये. तो बसवल्यावर टिंग थांबलं, पण पहिली आणि तिसरी तार मोकळी वाजवली की मानेवरच्या धातूच्या पट्टीवर (फ्रेटवर) झणझणायला लागली. तेही नीट करून देतो म्हणाला. झणझण गेली, टिंग परत आलं. आणि आता खरी गोष्ट बाहेर आली: ‘मॅडम, नेकच वाकलीय. हिच्यावर किती घालवणार? तीन हजारांत एक्सचेंज करून देतो, वर पैसे भरा, नवी न्या.’ म्हणजे आधी माझ्याच पैशाने वाद्य बिघडवायचं, मग बिघडलेलं म्हणून पडत्या भावात उचलायचं!

गिटार उचलून घरी आणली. ग्रुपमधल्या तबलजींनी नेरूळच्या एका कारागिराचा पत्ता दिला. तो राहत्या घरीच दुरुस्ती करतो. तंबोऱ्याची जवारी लावून घेताना, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवून घेताना, माझे बाबा मिरजेच्या कारागिरासमोर बसून राहायचे. तो घोडी घासायचा, तार छेडायचा, ‘ऐका’ म्हणायचा, पुन्हा घासायचा. नेरूळच्या माणसाची पद्धत हीच, सगळं समोर.

त्याने चावीला हात लावायच्या आधी नटच्या मागे, म्हणजे हेडस्टॉकच्या बाजूला, तिसरी तार बोटाने दाबून सोडली. सूर वर गेला आणि खाली आलाच नाही. मोकळी सरकणारी तार बोट उचललं की जागेवर येते. आली नाही, म्हणजे ती नटच्या खाचेत अडकतेय. 10 च्या सेटमधली तिसरी तार सुमारे 0.51 मिलिमीटर जाडीची असते, 12 च्या सेटमधली 0.61. बारीक तारेसाठी कापलेल्या खाचेत जाड तार चिमटली जाते. चावी पिळली की ताण नटच्या मागे साठत राहतो, तो पुरेसा झाला की तार झटक्यात सरकते. टिंग वाजतं ते तेव्हा. मागे उरलेला ताण पुढे जोरात वाजवताना सुटतो, म्हणून तार गाण्यात चढते.

चाव्यांबद्दल त्याने जे सांगितलं ते पैसे देण्याआधी प्रत्येकाला माहीत असायला हवं. चावीत वर्म गिअर असतो. चावी फिरवली की तार गुंडाळलेला खुंटा फिरतो, पण तारेच्या ओढीने खुंटा उलटा फिरून चावी फिरवू शकत नाही. चावी खरोखर झिजली असेल तर ती हाताला सैल लागते, खुळखुळते, आणि तार उतरते. टिंग करून चढत नाही. माझ्या जुन्या चाव्या अजिबात खुळखुळत नव्हत्या.

नंतर त्याने ‘बोनच्या’ नटवर कानस फिरवली. प्लॅस्टिकच्या साली निघाल्या, कानशीत चिकटून बसल्या. खरं हाड घासलं की बारीक पूड पडते आणि डेंटिस्टकडे ड्रिल चालू असताना येतो तसा वास येतो. दोन खाचांच्या तळातून पांढरे कडक कण निघाले: सुपर ग्लू आणि खाण्याचा सोडा. हा उपाय मुळात खोटा नाही, जपून केला तर चालतो. पण दुकानदाराने खाचा आधी खोल कापल्या, मग सोडा भरून पुन्हा घासल्याच नाहीत, त्यामुळे तार त्या खडबडीत तळात रुतली. आणि नेक? डोळ्यासमोर धरून, तारेवरून बघून त्याने दाखवली. सरळ होती.

त्याने हाडाचा नट बसवला आणि तारेच्या मापाच्या कानशींनी खाचा कापल्या. प्रत्येक खाच तारेपेक्षा किंचित रुंद, तळ गोल, आणि उतार हेडस्टॉककडे, म्हणजे तार नट सोडते ती फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरूनच. एकेका खाचेला तार काढ-घाल चालू होतं. तिसऱ्या पट्टीवर तार दाबून पहिल्या पट्टीवर कागद सरकेल एवढी फट उरते का, हे तो वाकून वाकून बघत होता. शेवटी खाचांत पेन्सिलीचं शिसं फिरवलं. हाडासकट 1,100 रुपये घेतले. तार आता बोटाच्या चालीने सरकते.

चिठ्ठीवर काही नसलं तरी माझ्याकडे यूपीआयची नोंद होती आणि ‘बोन नट 900’ असा त्याचाच व्हॉट्सअॅप मेसेज. रीतसर बिल मागितलं तर ‘बिल नाही देत आम्ही’. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला, ‘मॅडम, आपसात मिटवू’. नटचे 900 परत आले. जुन्या चाव्यांबद्दल मात्र ‘भंगारात गेल्या’ हेच उत्तर. चांगल्या स्थितीतला कंपनीचा सेट भंगारात कोण टाकतं?

आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची. जुन्या चाव्यांचे हेडस्टॉकवरचे ठसे आणि शेजारी पाडलेली नवी भोकं, दोन्हींचे फोटो काढून ठेवले आहेत.