सिस्टिमसीटीएल: काजूच्या हंगामात पारखलेलं

लिनक्स संगणकावर पाठीमागे चालणारे प्रोग्राम, म्हणजे सर्व्हिसा, सुरू-बंद करणारी यंत्रणा सिस्टिमडी; तिला हुकूम द्यायची आज्ञा सिस्टिमसीटीएल. तिला पाचांपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

डिचोलीकडच्या एका काजू कारखान्यातला संगणक मी सांभाळते. जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन हे लिनक्स, बिलांसाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि वजनकाट्यावरचे किलो वाचून बिलाच्या प्रोग्रामला पुरवणारी, मीच पायथनमध्ये लिहिलेली 'काटा' नावाची एक छोटी सर्व्हिस. मार्च ते मे सत्तरी-पेडण्याकडून बिया येत असतात, दारात पिकअप उभे असतात, आणि आकडा दिसेनासा झाला की आतून हाक येते, "बाय, वजन दिसना गे!" अशा वेळी मी सगळ्यात आधी टाइप करते ती आज्ञा म्हणजे 'सिस्टिमसीटीएल स्टेटस काटा'.

या एका आज्ञेसाठीच तीन तारे द्यावेत. सर्व्हिस चालू असेल तर हिरवा ठिपका, कोसळली असेल तर लाल. कधीपासून चालू आहे, प्रोसेसचा क्रमांक काय, आणि खाली लॉगच्या शेवटच्या दहा ओळी. सिस्टिमडीच्या आधी सर्व्हिसा सुरू करणाऱ्या इनिट स्क्रिप्टांत हे सुख नव्हतं. पीआयडीची, म्हणजे प्रोसेसच्या क्रमांकाची, फाइल मागे राहायची, प्रोसेस केव्हाच मेलेली असायची, आणि काही स्क्रिप्टा तरीही 'चालू आहे' म्हणून छातीठोक सांगायच्या. सिस्टिमडी प्रत्येक सर्व्हिसला कर्नलच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या एका गटात, ठेवतं, त्यामुळे तिने जन्माला घातलेली पोरंटोरं, म्हणजे तिने सुरू केलेल्या प्रोसेसही, त्याच्या हिशेबात राहतात.

सिस्टिमडीच्या जन्मावरून झालेली भांडणं जुनी झाली. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते २०१० मध्ये आणलं, डेबियनने २०१५ च्या जेसी आवृत्तीत स्वीकारलं, आणि ज्यांना पटलं नाही त्यांनी देवुआन हे सिस्टिमडीविना चालणारं डेबियन वेगळं काढलं. एकाच प्रकल्पाने लॉगपासून नेटवर्कपर्यंत सगळीकडे हात घालावा का, हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पण काट्यापुढे रांग लागलेली असताना मला तत्त्व नको, लाल ठिपका हवा.

आता कापलेला तारा. वीज येऊन संगणक उठतो, तेव्हा यूएसबीला लावलेला काटा तयार व्हायला थोडा उशीर लागतो. सर्व्हिसच्या फाइलीत 'रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर' लिहिलेलं असतं, म्हणजे पडली की उठवायची. पण दोन प्रयत्नांमधली मूळ विश्रांती सेकंदाचा दहावा भाग, आणि मर्यादा दहा सेकंदांत पाच वेळा. काटा डोळे उघडायच्या आत पाचही संधी संपतात, 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' असा शेरा उमटतो आणि सिस्टिमडी हात वर करतं. मग काटा तयार झाला तरी सर्व्हिस आपणहून उठत नाही. उपाय एका ओळीचा: 'रिस्टार्टसेक=५'. पाच-पाच सेकंदांनी प्रयत्न झाले की दहा सेकंदांत पाच भरतच नाहीत, आणि काटा सापडेपर्यंत प्रयत्न चालू राहतात. हे दस्तऐवजात आहे, नाही असं नाही. पण शेऱ्यातच 'विश्रांती वाढवा' एवढं सुचवलं असतं तर काय बिघडलं असतं?

ही ओळ घालताना, सर्व्हिस पॅकेजमधून आली असेल तर, लिब डिरेक्टरीखालच्या तिच्या मूळ फाइलीला हात लावू नका. 'सिस्टिमसीटीएल एडिट काटा' म्हटलं की एटीसी डिरेक्टरीखाली वेगळी छोटी फाइल बनते, आणि पॅकेजच्या अपडेटमध्ये ती पुसली जात नाही.

'स्टार्ट' आणि 'एनेबल' यांचा घोळ नव्या माणसाला हमखास होतो. स्टार्टने सर्व्हिस आत्ता सुरू होते, पण पुढच्या बूटला, म्हणजे संगणक पुन्हा चालू होताना, नाही. एनेबलने पुढच्या बूटला होते, पण आत्ता नाही. दोन्ही हवं तर 'एनेबल डॅश डॅश नाऊ'. कुणीही, कशानेही सुरू करू नये असं वाटलं तर 'मास्क'.

सिस्टिमडीच्या लॉगच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलशी माझं बरं जमतं. आमच्याकडे जूनमध्ये तारांवर झाड पडलं की वीज जाते, आणि परत आल्यावर 'जर्नलसीटीएल -बी -१' मागच्या बूटच्या नोंदी दाखवतं. मात्र व्हार-लॉगखाली जर्नल नावाची डिरेक्टरी आहे ना, ते आधी बघा. ती नसली की मूळ सेटिंगमध्ये नोंदी रॅममध्येच राहतात आणि विजेबरोबर जातात. शिवाय फाइल बायनरी, मजकूर शोधणाऱ्या साध्या ग्रेप आज्ञेला दाद देत नाही.

बंद होतानाचा नव्वद सेकंदांचा हट्टही नोंदवते. सर्व्हिस ऐकत नसेल तर आधी सिगटर्म, म्हणजे 'थांब' अशी सूचना, मग मूळ मुदतीप्रमाणे दीड मिनिट वाट, आणि मग सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद. इकडे यूपीएस कोकलत असतो आणि स्क्रीनवर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग'. काट्यासाठी मी ही मुदत, 'टाइमआउटस्टॉपसेक', पंधरा सेकंदांवर आणली. पोस्टग्रेसला मात्र घाई करू नका, त्याला त्याचं लिखाण पुरं करू द्या.

अल्पाइन या छोट्या लिनक्सवर सिस्टिमडीच्या जागी असलेलं ओपनआरसी याहून सुटसुटीत आहे, लहान यंत्राला तेच बरं. पण बिघाड का झाला हे तिथे जास्त खणावं लागतं.

कारखान्यातल्या सुपरवायझरसाठी मॉनिटरच्या कडेला दोन आज्ञांचा कागद चिकटवला आहे, स्टेटस आणि रिस्टार्ट. त्यांचं लॉगिन सिस्टिमडी-जर्नल गटात घालावं लागलं, नाहीतर स्टेटसखालच्या लॉगच्या ओळी दिसत नाहीत. रिस्टार्टला सुडोअर्समध्ये, म्हणजे कुणाला कुठली प्रशासकाची आज्ञा चालवता येते त्या यादीत, परवानगी आहे ती फक्त काट्यापुरती. पोस्टग्रेसचं काही असेल तर मला फोन.