ओल येणाऱ्या जागी कोणता उष्णतारोधक निवडावा?

उष्णतारोधक निवडताना माहितीपत्रकातील औष्णिक वाहकतेचा, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज जाते याचा, आकडा आधी पाहिला जातो. तो बहुधा कोरड्या किंवा जवळपास कोरड्या नमुन्याचा असतो, आणि भिंतीत बसवल्यावर पदार्थ तसाच राहील याची हमी तो देत नाही. सच्छिद्र पदार्थ उष्णता अडवतो तो मुख्यतः त्यातील स्थिर हवेमुळे. हवेची वाहकता सुमारे 0.026 वॅट प्रति मीटर-केल्विन, पाण्याची 0.6 आणि बर्फाची 2.2 आहे, म्हणजे ज्या पोकळीत पाणी शिरले तिथे उष्णतेला वीसपटींहून अधिक सोपी वाट मिळते आणि ते पाणी गोठले तर त्याहूनही सोपी.

खनिज लोकर (दगड किंवा काचेच्या बारीक तंतूंचा थर) आणि एक्सपीएस बोर्ड (एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या फेसाचा कडक बोर्ड) यांची तुलना इथेच महत्त्वाची ठरते. कोरडेपणी दोघांत फारसा फरक नसतो: लोकरीची वाहकता 0.035 ते 0.040, तर एक्सपीएसची 0.030 ते 0.035. मात्र लोकरीतून वाफ मोकळेपणाने फिरते. उबदार बाजूचे पाणी वाफ होऊन थंड बाजूला पुन्हा द्रवरूप होते आणि किलोमागे सुमारे 2,400 किलोज्यूल सुप्त उष्णता तिकडे सोडते, त्यामुळे थोडी ओलही बरीच उष्णता वाहून नेऊ शकते. एक्सपीएसच्या बंद पेशींत पाणी सहजी शिरत नाही, म्हणून जमिनीखालची भिंत किंवा पायाजवळचा भाग यांसाठी मी निःसंशय तोच सुचवेन. उलट, वाफ बाहेर पडण्यास वाट असलेल्या भिंतीत लोकर भिजली तरी लवकर वाळते. एक्सपीएसमध्ये वर्षानुवर्षे मुरलेली ओल मात्र फार सावकाश निघते. आगीचा धोका असेल तिथेही न जळणारी लोकरच घ्यावी.

थर्माकोल या दोहोंच्या मधला आहे, कारण त्याच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी साठू शकते.

एएसी ब्लॉकचा, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकचा, हिशेब वेगळा आहे, कारण तिथे भिंत आणि रोधक एकच असतात. आयएसओ 10456 या मानकातील गुणकानुसार वजनाच्या 1 टक्का ओलीमागे वाहकता सुमारे 4 टक्क्यांनी वाढते, आणि 5 टक्के ओलीला ही वाढ 22 टक्क्यांवर जाते. ताजे ब्लॉक कारखान्यातूनच बरेच पाणी घेऊन येतात. ते वाळण्याआधी दोन्ही बाजूंना वाफ अडवणारा लेप दिला, तर कागदावरची वाहकता त्या भिंतीला दीर्घकाळ मिळत नाही.