मॅच एअर रायफल आणि जॅकेट: चाळिशीत सुरुवात करून बरेच महिने वापरल्यानंतर

स्पर्धेच्या हिशेबाने १० मीटर एअर रायफल शिकायची ठरवली तेव्हा सगळं लक्ष कोणती रायफल घ्यावी याकडेच होतं. आता बरेच महिने वापर झाल्यावर ठामपणे सांगते, अचूकतेची काळजी करू नका. फाइनवेर्कबाउ, वाल्थर, अॅनशूट्झ, स्टायर, या कंपन्यांपैकी कुणाचीही धड अवस्थेतली मॅच रायफल नवशिक्यापेक्षा कितीतरी पटींनी अचूक असते. शिकंज्यात घट्ट धरून मारली तर एकावर एक छर्रे पडून कागदावर जवळजवळ एकच भोक उरतं. पैसे मोजायचे ते रायफल आपल्या अंगाला किती बारकाईने बसवून घेता येते यासाठी.

माझी रायफल कॉम्प्रेस्ड एअरवर चालणारी, अॅल्युमिनियमच्या स्टॉकची (नळी बसवलेला, हातात धरायचा सांगाडा) आहे. वजन नियमातल्या ५.५ किलोच्या मर्यादेपेक्षा बरंच कमी, आणि सुरुवातीला ते कमीच बरं. वजनं पुढे हवी तशी लावता येतात. स्टॉकचा जवळजवळ प्रत्येक भाग हलतो: बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) वर-खाली, पुढे-मागे आणि तिरकी, चीकपीस (गाल टेकवायचा भाग), ग्रिप (मूठ), पुढच्या हाताखालचा आधार. पहिले काही आठवडे हे सगळे स्क्रू पाहून दडपण येतं. चीकपीसची माझी पद्धत सांगते. रायफल खांद्याला लावायची, डोळे मिटायचे, मानेचा ताण सोडून गाल अलगद टेकवायचा आणि डोळे उघडायचे. डायऑप्टरच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या मागच्या साइटच्या, बारीक भोकात पुढची साइट (नळीच्या टोकाकडची, आत रिंग असलेली) बरोबर मध्ये दिसली तर उंची जमली. कडेला गेली तर चीकपीस हलवायचा, मान नाही. एका वेळी एकच माप बदलायचं, वहीत लिहायचं आणि काही दिवस त्यावरच राहायचं. रोज दोन-तीन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कुणालाच कळणार नाही, कोचलाही नाही.

आता टार्गेटचा हिशेब, कारण मला सगळ्यात धीर यानेच दिला. दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, हे ऐकून पोटात गोळा येतो. पण छर्रा ४.५ मिमीचा असतो आणि त्याची कड ठिपक्याला नुसती लागली तरी १०.० मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र मध्यापासून २.५ मिमीपर्यंत सरकलं तरी दहा आहेतच. खरी चुरस त्यापुढे आहे. पात्रता फेरीत गुण दशांशात मोजले जातात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, ६० शॉट्सचे ६५४.०. त्यामुळे ९.९ पडला म्हणून जीव जाळण्यात अर्थ नाही, १०.० आणि त्याच्यात एका दशांशाचंच अंतर आहे.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पडला तो जॅकेटने, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. कॅनव्हास आणि चामड्याचं हे कडक जॅकेट पाठीला आधार देतं. उभ्या पोझिशनमध्ये कंबर रायफलच्या उलट बाजूला किंचित वळते, धड मागे झुकतं आणि डावं कोपर (मी उजव्या हाताने मारते) कमरेच्या हाडावर टेकतं. रायफलचा भार दंडावर न राहता हाडांवरून थेट जमिनीत उतरायला हवा. वयाने मोठ्या माणसाची कंबर हे विनाआधार फार वेळ सहन करत नाही. जॅकेट मापानेच शिवून घ्या. जाडी आणि कडकपणा दोन्हींवर नियम आहेत, जाडी एका पदराला २.५ मिमीच्या वर चालत नाही आणि स्पर्धेत उपकरणाने तपासली जाते. बटणं लावून खुर्चीत आरामात बसता येत असेल तर ते बहुधा सैल आहे. वापरून झाल्यावर रुंद हँगरला टांगा, घडी घालू नका. माझं आता खांद्याशी थोडं मऊ झालंय, आणि त्यामुळे अंगाला जास्त चांगलं बसतंय.

ट्रिगर हा या रायफलचा सगळ्यात सुंदर भाग. दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात बोट हलकेच मागे येतं, मग एक स्पष्ट अडथळा लागतो, आणि तिथून शंभर ग्रॅमच्या आसपास दाब वाढला की शॉट सुटतो. टार्गेटचा काळा गोल पुढच्या साइटच्या रिंगमध्ये स्थिर वाटतो तरी नीट पाहिलं तर नाडीबरोबर बारीक हलत असतो. ते हलणं थांबायची वाट पाहायची नाही, ते थांबत नाही. त्या हलण्यातच दाब वाढवत न्यायचा, आणि शॉट गेल्यावरही क्षणभर तसंच बघत राहायचं. आठ-दहा सेकंदांत शॉट गेला नाही तर रायफल खाली घ्या. डोळ्यात जुनीच प्रतिमा ठसते आणि नेम हलला तरी जाणवत नाही. रायफल खाली घेण्याचा संयम मोठ्या माणसांकडे असतो, आणि मला वाटतं उशिरा सुरू करणाऱ्यांचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

ड्राय फायरची सोय असलेलीच रायफल घ्या, यावर तडजोड नको. छर्ऱ्याविना घरी भिंतीवरच्या ठिपक्यावर सराव करता येतो, आणि माझी खरी प्रगती तिथेच झाली. पोझिशन घेऊन डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. रायफल ठिपक्याच्या डावीकडे गेली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवून सगळं अंगच वळवायचं. घरातसुद्धा नळी सुरक्षित दिशेला आणि रायफल रिकामी असल्याची खात्री आधी, हे सांगायला नको.

हवेचं प्रकरण सोपं आहे. रायफलचा हवेचा सिलिंडर २०० बार (हवेच्या दाबाचं एकक) पर्यंत भरतो, एका भरणीत सरावाची अनेक सत्रं निघतात. हातपंपाने भरता येतो, पण शेवटचे बार भरताना दमछाक होते. मोठी टाकी सोयीची. छर्रे सपाट तोंडाचे घ्या आणि एकाच प्रकाराला चिकटून राहा. डोक्याच्या व्यासातल्या शतांश मिलिमीटरच्या फरकाची चर्चा ग्रुप नीट यायला, म्हणजे शॉट्स एकमेकांजवळ पडायला, लागल्यावर करा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर खाण्याआधी हात धुवा.

चाळिशीनंतर डोळ्यांचा प्रश्न येतोच. लक्ष पुढच्या साइटवर हवं, टार्गेट किंचित धूसर दिसलं तरी चालतं. वाचायच्या चष्म्याने हे जमत नाही. नेत्रतज्ज्ञाला पुढची साइट डोळ्यापासून किती लांब येते ते मोजून सांगा आणि त्यानुसार काच करून घ्या. पुढची रिंगही मोठी ठेवा. काळ्या गोलाभोवती भरपूर पांढरं दिसलं की नेम घेताना डोळ्यावर ताण येत नाही. दुसरा डोळा मिटू नका, त्याच्यापुढे पट्टी लावा.

स्पर्धेत ६० शॉट्ससाठी इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं मिळतात. महिलांनाही २०१८ पासून तेवढेच शॉट्स आहेत, आधी ४० होते. म्हणून पाय आणि पाठ यांचा व्यायाम सरावाइतकाच धरा.

बजेट कमी असेल तर जॅकेट नवीन आणि रायफल वापरलेली घ्या, माझा कौल स्पष्टपणे याला आहे. वापरलेली घेताना सिलिंडरवरची मुदत आधी वाचा, मुदत संपलेला सिलिंडर वापरू नये. मग भरलेला सिलिंडर लावून रायफल रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी दाब उतरलाय का बघा. बटप्लेट आणि चीकपीसचे सगळे स्क्रू फिरवून पाहा. एखादा अडकलेला असेल तर ती रायफल तुमच्या अंगाला बसणार नाही, दुसरी शोधा.