ल्युसिड ड्रीम मास्क: टायमरवाला घ्यावा की सेन्सरवाला?

खोक्यावरचं वर्णन वाचलं तर सगळे ल्युसिड ड्रीम मास्क सारखेच वाटतात: डोळ्यांवर पट्टी बांधा, स्वप्न पडायला लागलं की लाल दिवे लुकलुकतील, स्वप्नातच आपण स्वप्नात असल्याचं भान येईल, म्हणजेच ल्युसिड ड्रीम. प्रत्यक्षात यात दोन जाती आहेत. स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्ज यांच्या ल्युसिडिटी इन्स्टिट्यूटचा १९९३चा नोव्हाड्रीमर सेन्सरवाला होता, म्हणजे डोळ्यांची हालचाल पकडून दिवे लावणारा. २०१२ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आलेला रेमी नुसत्या टायमरवर चालणारा. आज मिळणारे बहुतेक मास्क या दोनपैकी एका वाटेने जातात, आणि महाग तो चांगला हे गणित इथे चालत नाही.

आधी सेन्सरवाला. पापणीसमोर काही मिलीमीटरवर एक इन्फ्रारेड दिवा आणि शेजारी रिसीव्हर असतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा थोडा फुगीर असल्यामुळे डोळा फिरला की पापणीवरचा तो उंचवटाही सरकतो, परत येणारा प्रकाश बदलतो आणि यंत्र ती हालचाल मोजतं. कल्पना उत्तम, अडचण सगळी अंतराची. मास्क थोडा सरकला की मापं बिघडतात. कुशीवर झोपणाऱ्याची उशी एका बाजूने मास्क दाबते. सेन्सर पापणीला चिकटतो किंवा वर उचलला जातो आणि रात्रभर काहीच नोंदलं जात नाही. शिवाय डोळा लागताना बुबुळं सावकाश गरगरतात, कूस बदलताना सगळा मास्कच हलतो. हलक्या दर्जाचं सॉफ्टवेअर यालाही रेम झोप (डोळे झपाट्याने फिरतात आणि बहुतेक ठळक स्वप्नं पडतात तो टप्पा) समजतं आणि झोप लागता लागताच दिवे पेटवतं.

म्हणून सेन्सरची संवेदनशीलता जागेपणीच जुळवून घ्यावी. अंधारात नेहमीच्या स्थितीत आडवं व्हा, डोळे मिटा आणि नजर झपकन डावी-उजवीकडे फिरवा: चाचणीचा दिवा लागला पाहिजे. डोळे स्थिर ठेवून डोकं जरा हलवा: लागता कामा नये. दुसऱ्या चाचणीत दिवा लागतच राहिला तर संवेदनशीलता एक पायरी खाली आणा. तरीही थांबला नाही तर पट्टा किंवा फोम आपल्या चेहऱ्याला बसत नाही, आणि ते कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. परत करण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरकावी.

टायमरवाला मास्क आंधळा असतो, पण रात्रीचं गणित त्याच्या बाजूने आहे. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं. पहिल्या आवर्तनातली रेम झोप जेमतेम काही मिनिटं टिकते, पहाटेकडची अर्धा तास किंवा जास्तही. त्यामुळे पहिले साडेचार तास दिवे लागूच नयेत. खरं तर मास्क रात्रीच्या सुरुवातीला घालायचंही कारण नाही. पाच तास झोपून गजर लावून उठावं, अर्धा तास मंद प्रकाशात बसून आधीचं स्वप्न लिहून काढावं, मग मास्क बांधून, दिवे वीस-तीस मिनिटं उशिरा लागतील असं लावून पुन्हा झोपावं. पुढच्या झोपेत रेमचा वाटा मोठा असल्यामुळे आंधळा टायमरही बरेचदा योग्य वेळी लागतो. सेन्सरसाठी मोजलेल्या जादा पैशांचा फायदा इथे बराच आटतो. पाठीवर झोपायची पक्की सवय असेल तर सेन्सरवाला घ्या, बाकी सगळ्यांना टायमरवाला पुरे.

दिवे लालच का? मिटल्या पापणीतून लाल प्रकाश इतर रंगांपेक्षा जास्त आत येतो. तीव्रता सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरू करावी. जाग आली तर कमी करा. सलग काही रात्री स्वप्नांच्या वहीत प्रकाशाचा मागमूस नसेल तर एक पायरी वाढवा. तीव्रता, उशीर आणि लुकलुकण्याची लय एकाच रात्री बदललीत, तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

वहीत काय शोधायचं हे मात्र माहिती पुस्तिका क्वचितच सांगते. स्वप्न बाहेरचा प्रकाश गिळून टाकतं. तो वीज होऊन चमकतो, रुग्णवाहिकेचा दिवा होतो, बिघडलेली ट्यूबलाइट होतो, कधी सगळी खोलीच लाल दिसते, आणि स्वप्न पाहणारा त्यात काही वावगं न मानता पुढे चालू लागतो. मास्कने आपलं काम केलेलं असतं, खूण ओळखायची राहिलेली असते. ती ओळख आधी करून ठेवावी लागते. ब्रिटनमधल्या स्वान्सी विद्यापीठात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी प्रकाश आणि आवाजाच्या खुणेची सांगड स्वप्नभानाशी घालून दिली आणि रेम झोपेत तीच खूण पुन्हा दिली. खूण मिळालेल्यांपैकी निम्म्यांना एकाच डुलकीत भान आलं. तिथे डोक्याला इलेक्ट्रोड होते आणि नेमकी वेळ साधायला संशोधक जागे होते, तेव्हा घरी तेवढ्या यशाची अपेक्षा नको.

सराव मात्र घरी तोच करता येतो. मास्क घालून पंधरा-वीस मिनिटं पडा, दिवे चाचणी मोडवर चालू ठेवा. प्रत्येक वेळी दिवे लागले की ‘हे स्वप्न तर नाही?’ असं मनापासून विचारा आणि नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा. श्वास आत गेला तर स्वप्न. स्वप्नं आठवतच नसतील तर आधी काही आठवडे वही लिहा. मास्क नंतर घेतला तरी चालतो.

मास्कवर चाचणीचं बटण असेल तर त्याचे जादा पैसे वसूल होतात. मास्क काढून बाजूला ठेवल्याचं स्वप्न पडणं अगदी नेहमीचं, आणि स्वप्नातली यंत्रं धड चालत नाहीत. ‘जाग’ आल्यावर बटण दाबा. दिवा लागला नाही किंवा भलतंच काही झालं तर अजून झोपेतच आहात.

इलेक्ट्रॉनिक्स सुटं करून कापड धुता येतं का ते पाहा, घामाने फोम लवकर खराब होतो. नाणेसेलच्या मास्कमध्ये झाकणाला स्क्रू हवा, कारण लहान मुलाने सेल गिळला तर जिवावर बेततं. चार्जिंगचा मास्क चार्जिंगला लावून डोळ्यांवर घालू नका. फेफरं येत असेल किंवा लुकलुकत्या प्रकाशाने अर्धशिशी उठत असेल तर ही वस्तू तुमच्यासाठी नाही. भ्रम किंवा बायपोलर आजाराचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

राहिला ‘अ‍ॅस्ट्रल मोड’. सूक्ष्मदेहाने बाहेर पडण्याची हमी देणाऱ्या या मोडमध्ये बहुधा बायनॉरल बीट्स असतात: एका कानात २०० हर्ट्झ, दुसऱ्यात २०४, आणि मेंदूत ४ हर्ट्झचा ठोका. दोन्ही स्वर वेगवेगळ्या कानांतच जायला हवेत. मास्कमध्ये एकच स्पीकर असेल तर ते हवेतच मिसळतात आणि बायनॉरल असं काही उरत नाही. शरीराबाहेर तरंगल्याची जाणीव मात्र खोटी नव्हे. २००२ साली मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या चमूने जिनिव्हात अपस्माराच्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूतला उजवा अँग्युलर गायरस हा भाग विजेने उद्दीपित केला, तेव्हा तिला आपण वरून स्वतःलाच पाहतो आहोत असं वाटलं. पहाटे पुन्हा झोपताना शरीर लुळं आणि मन जागं असलं की अशी कंपनं, तरंगणं, छातीवर दडपण जाणवू शकतं. या अवस्थेची, म्हणजे स्लीप पॅरालिसिसची, भीती वाटत असेल तर पाठीवर झोपू नका, कारण त्या स्थितीत तो जास्त होतो. ही जाणीव आणायला वेगळा मोड लागत नाही. वर सांगितलेलं पहाटेचं वेळापत्रकच तिथवर नेतं. तेव्हा त्या मोडसाठी दरमहा वर्गणी मागणारं अ‍ॅप खुशाल काढून टाका.