कर्ब आणि गटार: एका पावसाळ्यानंतर, गेटसमोरच्या डबक्यासह

गेटसमोरचा सिमेंटचा पॅच परत उखडला, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमची सोसायटी वाशीत, सिडकोच्या जुन्या इमारतींची. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढून आतला रस्ता वर आला आणि तळमजल्याचे उंबरे खाली गेले. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही कडांना प्रीकास्ट कर्ब, म्हणजे आधीच ओतून तयार केलेली काँक्रीटची उभी कड, आणि त्याला लागून काँक्रीटचं उथळ गटार करून घेतलं.

पहिल्या मोठ्या पावसात काम आवडलं, हे आधी सांगतो. रस्त्याला मध्यापासून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार मिळाल्याने पाणी मध्ये रेंगाळलंच नाही. कर्बच्या कडेने धावत सरळ चेंबरमध्ये. तळमजल्यावरच्या जोशीकाकूंनी दारातल्या विटा काढून टाकल्या. खजिनदार म्हणून ज्यादा वर्गणी काढली तेव्हा ज्यांनी मला ऐकवलं होतं, तेच ग्रुपवर व्हिडिओ टाकत होते.

जुलैत मोठ्या भरतीच्या दिवशी मात्र त्याच चेंबरमधून पाणी उलटं वर आलं. त्या रात्री मी ठेकेदाराला ग्रुपवर चांगला धुतला. पण यात त्याचा हात नाही. वाशी-नेरूळची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले: भरतीला खाडीकडची झडपं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. आता तलावांत गाळ भरलाय, त्यात तिवरं उगवलीत, आणि तिवरांना हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी. सोसायटीचा कर्ब तिथे काय करणार? फरक पडला तो नंतर. पूर्वी ओहोटी लागली तरी सकाळपर्यंत आवारात पाणी असायचं, यंदा चहा होईपर्यंत रस्ता मोकळा. तेव्हा भरतीचे गुण कापत नाही.

कापतोय ते डबक्याचे.

गेटमधून गाड्या आत येतात, म्हणून तिथे कर्ब खाली, रस्त्याच्या पातळीला बसवलाय आणि गटार त्याच्यासमोरून सलग पुढे न्यायचं होतं. करारात ढाळ लिहून घेतला होता: दहा मीटरला किमान पाच सेंटीमीटर. बाकी सगळीकडे दिला. गेटसमोर मिस्त्रीने दोरी ताणली, एक डोळा मिटला आणि ‘बरोबर आहे साहेब’ म्हणाला. मी पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी आणून दोन्ही टोकांना धरली. पुढची बाजू मधल्यापेक्षा दीड सेंटीमीटर वर! कमिटीतले म्हणतात, दीड सेंटीमीटरसाठी एवढं काय? त्यांनी रोज संध्याकाळी त्यातून स्कूटर न्यावी. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी तिथेच. स्वच्छ, साचलेलं, डेंग्यूच्या डासाला हवं तसं. महापालिकेचा फवारणीवाला आला तेव्हा कुंड्या, टाक्या सोडून आधी तिकडेच बोट दाखवलं. पैसे मोजून आपण डासांची सोय केली, हे मला पचत नाही.

ठेकेदाराचा इलाज काय, तर वरून दोन सूत, म्हणजे पाव इंच, सिमेंटच्या मालाचा थर. जुन्या गुळगुळीत काँक्रीटवर असा पातळ थर धरत नाही, त्यावरून गाड्या गेल्यावर तर नाहीच. पापुद्रे निघाले. पुन्हा थर, पुन्हा पापुद्रे. माझं म्हणणं साधं आहे. सांध्यापासून सांध्यापर्यंत तो तुकडा फोड आणि नव्याने ओत. तोवर बिलातले राखून ठेवलेले पाच टक्के सुटणार नाहीत.

सांध्यांवरून आठवलं. दर तीन मीटरला सांध्याची खाच कापायची ठरली होती. जिथे कापली तिथे गटार अखंड आहे. मागच्या कोपऱ्यात कटर बिघडला म्हणून एक सोडली, तिथे काँक्रीटने स्वतःच आपली चीर पाडून घेतली. क्युरिंगवर मी स्वतः उभा होतो, मे महिन्यात गोणपाट घालून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी. वॉचमन वैतागला, पण पृष्ठभाग अजून भुसभुशीत झालेला नाही.

चेंबरवरची जाळी लोखंडी घेऊ नका, चोरीला जाते. आम्ही फायबरची घेतली. कर्बमधली तोंडं पर्जन्यवृक्षाची पानं आणि वेफर्सच्या पाकिटांनी बुजतात. मोठ्या पावसाआधी सफाईवाल्याला आठवण करावीच लागते, नाहीतर एवढा खर्च त्या पाकिटाशी येऊन अडतो.

पाचपैकी साडेतीन. गेट दुरुस्त झालं तर चार.

मागच्या बाजूचं काम दिवाळीनंतर आहे. तिथे अट घातलीय: बिल देण्याआधी वरच्या टोकाला टँकर ओतायचा, तासाभरात गटार कोरडं दिसलं तरच सही. टँकरचे पैसे ठेकेदाराचे.