वॉटर पंप बदलल्यावर गाडी तापते: त्याच गॅरेजला परत, शोरूमला की तिसऱ्या मिस्त्रीकडे?

वॉटर पंप आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदलून गाडी मिळाली, दोन दिवसांत टेंपरेचरचा काटा वर चढला, आणि मिस्त्री बॉनेट उघडून पाच मिनिटांत म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." खरंही असेल (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, हेड गॅस्केट म्हणजे त्याखालची सील). पण कूलंटच्या कामानंतर लगेच गाडी तापली, तर पहिला संशय सिस्टीममध्ये अडकलेल्या हवेवर घ्यायचा. ती काढायला हेड उतरवावं लागत नाही. तोवर गाडी चालवू नका, टो करा. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं, तर चुकीचं निदानही खरं होऊन बसतं.

त्याच गॅरेजला परत नेण्याचा फायदा एवढाच, की काम त्याचंच असल्याने तपासणीचे पैसे सहसा लागत नाहीत. मात्र समोर उभं राहून तीन गोष्टी करून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून, हीटर फुल गरमवर ठेवून आयडलिंगला हवा काढायची. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, वरचा होस गरम होतो, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहायचं. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तोही सोडायचा. दुसरं, रेडिएटर फॅनचा कनेक्टर: एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत फॅन फिरायलाच हवा. तिसरं, पंपाच्या कडेला आणि होसच्या क्लॅम्पांना ओल आहे का. याउपर त्याच्यावर विसंबू नका. स्वतःचीच चूक शोधायला तो फारसा उत्सुक नसतो.

तिसरा मिस्त्री, म्हणजे इंजिनकाम करणारा स्वतंत्र गॅरेजवाला, निदानापुरता आम्हाला सर्वांत सरस वाटतो. त्याला पहिलं निदान सांगू नका, फक्त लक्षणं सांगा. "गॅस्केट" शब्द कानावर पडला की तोही तेच शोधतो. ब्लॉक टेस्ट मागा: रेडिएटरच्या तोंडावरच्या नळीत निळं द्रावण असतं, कूलंटमध्ये जळालेला वायू येत असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. आधी कूलंटची पातळी थोडी खाली घ्यावी लागते, कारण कूलंट नळीत ओढलं गेलं की टेस्ट बाद. मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं: शेजारशेजारचे दोन सिलिंडर इतरांपेक्षा बरेच कमी दिसले, तर गॅस्केटचा संशय पक्का. आकडे कागदावर, सही-तारखेसह घ्या.

ऑइल कॅपखालचा पांढरा फेस दाखवून कुणी घाबरवलं, तर डिपस्टिक काढून बघा. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत वाफ साचून असा फेस येतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर नुसता फेस पुरावा नव्हे.

शोरूमचं सर्व्हिस सेंटर महाग पडतं, आणि तिथे सुटा भाग दुरुस्त करण्यापेक्षा अख्खी असेंब्ली बदलण्याकडे कल असतो. पण जॉबकार्ड, लेखी एस्टिमेट आणि स्कॅनरचा रिपोर्ट मिळतो. गाडी वॉरंटीत असेल किंवा पहिल्या गॅरेजशी भांडण होणार असं दिसत असेल, तर इथेच जा. ब्लॉक टेस्ट करतात का, हे आधी फोनवर विचारा.

कुठेही गेलात तरी लेखी टेस्टशिवाय हेड उतरवू देऊ नका; एकदा खोललं की आधी काय बिघडलं होतं ते सिद्ध करणं अवघड. पहिल्या गॅरेजला कळवण्याआधी दुसऱ्याने इंजिन खोललं, तर "आमच्याकडून नीट गेली होती" म्हणायला तो मोकळा. खोलावंच लागलं, तर फेलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून हेडचा सपाटपणा मोजतानाचे फोटो घ्या आणि जुनं गॅस्केट मागून घ्या. खरंच फुटलं असेल, तर सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमधली पट्टी बहुधा जळालेली दिसते.

पैसे परत मिळत नसतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, वकील सक्तीचा नाही, आणि कामासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.