प्रसूती कक्षातील हँड डॉप्लर: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात परिचारिका म्हणून काम करताना अनेक वर्षे मी बाळाचे ठोके फिटोस्कोपनेच, म्हणजे पोटावर टेकवून कानाने ऐकायच्या साध्या नळीनेच, ऐकत आले. गेल्या वर्षी आम्हाला बॅटरीवर चालणारा, तळहातात मावणारा डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी पोटातल्या बाळाचे ठोके टिपून ऐकवणारे यंत्र, मिळाला. त्याच्याविषयीचा हा अभिप्राय प्रामुख्याने लहान प्रसूतिगृहांसाठी आहे.

याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे कळ चालू असतानाही ठोके ऐकू येतात. फिटोस्कोप लावायचा तर पोट सैल व्हावे लागते, बाईला उताणे झोपवावे लागते आणि वॉर्डातला गलका थांबावा लागतो. डॉप्लर मात्र ती डाव्या कुशीवर असताना किंवा उभी असतानाही लावता येतो. बाळाच्या हृदयाची गती मिनिटाला ११० ते १६० असणे सर्वसाधारण मानले जाते, परंतु नुसत्या आकड्यापेक्षा कळ ओसरल्यानंतर तो आकडा कुठे जातो, हे अधिक महत्त्वाचे असते. म्हणून पूर्ण एक मिनिट, कळ संपल्यावरही निदान अर्धा मिनिट ऐकावे. प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत (कळा येऊन गर्भाशयाचे तोंड उघडत असताना) दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाई जोर देऊ लागली की दर ५ मिनिटांनी ठोके तपासावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एका पाळीत तीन-चार प्रसूती असतील, तर ही शिफारस या यंत्रामुळेच पाळता येते.

आता दोष. पडद्यावर दिसणारा आकडा बाळाचाच आहे, याची खात्री यंत्र देत नाही. एकदा जोर देणाऱ्या एका बाईच्या पोटावर १२४ हा आकडा दिसत होता आणि तो पाहून कुणालाही समाधान वाटले असते. सवयीने मी तिच्या मनगटावर बोट ठेवले, तर नाडी त्याच लयीत चालली होती. बाळ खाली सरकले की ठोक्यांची जागाही खाली, मध्याकडे येते. म्हणून प्रोब (यंत्राचा पोटावर टेकवायचा भाग) खाली घेतला, तेव्हा बाळाचे खरे ठोके नव्वदीच्या घरात सापडले आणि कळ गेल्यावरही ते चढेनात. डॉक्टरांना तातडीने बोलावले, व्हॅक्यूम (बाळाच्या डोक्याला लावून ओढायची वाटी) लावून प्रसूती झाली आणि बाळ रडले. तेव्हापासून केसपेपरवर बाळाचे ठोके आणि आईची नाडी शेजारी-शेजारी लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

गर्भजल हिरवट असेल, ऑक्सिटोसिनचे (कळा वाढवणाऱ्या औषधाचे) ड्रिप चालू असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा आधीचे सिझेरियन असेल, तर एवढ्यावर थांबू नये. तिथे सीटीजी यंत्राची, म्हणजे पोटावर पट्ट्यांनी बांधून बाळाचे ठोके आणि कळा टिपत राहणाऱ्या यंत्राची, सलग नोंद हवी. निरोगी बाईला आपोआप कळा सुरू झाल्या असतील तर मात्र ठरावीक अंतराने नीट ऐकणे पुरते, आणि पट्ट्यांनी खाटेला बांधून न ठेवल्यामुळे तिला फिरताही येते.

किरकोळ तक्रारी अशा: बॅटरीचे झाकण लवकर सैल होते आणि सेल उतरले की आवाज खरखरतो, त्यामुळे जादा सेल आणि फिटोस्कोप दोन्ही ट्रॉलीवर ठेवावेत. घरी वापरण्यासाठी हे यंत्र मी कुणालाही सुचवणार नाही. बाळाची हालचाल कमी वाटत असताना घरी ठोके ऐकून थांबून राहणे धोक्याचे आहे. तेव्हा थेट रुग्णालयातच यावे. प्रसूतिगृहासाठी मात्र मी याची शिफारस निःसंकोचपणे करते. आवाज मोठा केला की कळांनी थकलेल्या आईलाही आपल्या बाळाचे ठोके ऐकू येतात, आणि फिटोस्कोपने तिला ते कधीच ऐकवता आले नव्हते.